टीव्हीचा आवाज वाढतो, शब्द मात्र हरवतात

जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मुरूड तालुक्यातल्या आगरदांड्यासारख्या खाडीकाठच्या गावात या दिवसांत टीव्ही एरवीपेक्षा जास्त वेळ चालतो. बाहेर पाऊस, डोक्यावर पत्रा. पत्र्यावर सर कोसळली की रिमोटवरचा आकडा वीसवरून तीसवर जातो. सर थांबते, आकडा तिथेच राहतो. नातू कानांवर हात ठेवतो आणि आजोबा तरीही विचारतात, ‘काय म्हणाला तो?’

हा प्रश्न आवाज कमी असल्याचा नसतो, शब्द न कळण्याचा असतो. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वर खालच्या पट्टीतले असतात. ‘सात’ की ‘साफ’, ‘चार’ की ‘सार’ हे ठरवणारी स, च, त, फ ही व्यंजने मात्र हलकी आणि वरच्या पट्टीतली. वय वाढताना, तसेच वर्षानुवर्षे बोटीच्या इंजिनाजवळ काम केल्यावर, कान आधी हीच वरची पट्टी गमावतो. त्यामुळे आवाज येतो, अर्थ लागत नाही. आवाज वाढवला की सगळ्यात जास्त वाढतो तो ढोल, स्फोट आणि पार्श्वसंगीत.

म्हणून होम थिएटरमध्ये आधी आवाज नव्हे, जुळणी बदलावी. पाच स्पीकरच्या संचात संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तेवढाच दोन-तीन डेसिबलने वाढवावा. साउंडबार असेल तर ‘डायलॉग’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ हा पर्याय बघावा. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की दोन्ही भिंती त्याचा घुमारा वाढवतात, तो कोपऱ्यातून थोडा बाहेर काढावा. फक्त टीव्हीचेच दोन स्पीकर असतील तर ध्वनीच्या पर्यायांत ‘स्टिरिओ’ निवडावे, नाहीतर संवाद दबून जाण्याची शक्यता असते. रात्री ‘नाइट मोड’ लावावा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. उघड्या लादीवर आणि रिकाम्या भिंतींवर आवाज आपटून व्यंजने पुसट होतात. तिथे सतरंजी आणि जाड पडदा महागड्या यंत्राइतकेच उपयोगी पडतात.

चित्राचेही असेच आहे. नवा टीव्ही अनेकदा ‘व्हिव्हिड’ म्हणजे भडक मांडणीवर असतो. दुकानाच्या झगझगीत उजेडात शेजारच्या टीव्हीवर मात करण्यासाठी ती ठीक, पण घरातल्या मंद उजेडात ती डोळ्यांना शिणवते आणि माणसांचे चेहरे निळसर दिसतात. त्याऐवजी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडावा आणि रंगाचे तापमान ‘वॉर्म’ ठेवावे. चित्रपटाचे रंग ज्या ६,५०० केल्विनच्या पांढऱ्यावर ठरवले जातात, त्याच्या जवळ हीच निवड जाते. ‘शार्पनेस’ वाढवल्याने तपशील वाढत नाही, फक्त कडांभोवती रेघा उमटतात. चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल, तर ‘मोशन स्मूदिंग’ बंद करावे. पूर्ण अंधारात बघण्यापेक्षा टीव्हीच्या मागे मंद दिवा ठेवला तर डोळे कमी थकतात.

डोळ्यांचा थकवा झोपेने जातो. कानाचे तसे नाही. प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. पुढे दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात, म्हणजे दीड-दोन चित्रपट. मोबाइलमधले आवाज मोजणारे ॲप अचूक नसते, पण बसायच्या जागी धरले तर अंदाज देते. त्याहून सोपी खूण म्हणजे शेजारी बसलेल्याशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर आवाज जास्त आहे.

एवढी जुळणी करूनही घरातल्या एखाद्यालाच शब्द कळत नसतील, तर दोष यंत्राचा नाही. ऐकू कमी येणाऱ्याला ते स्वतःहून उशिरा कळते, कारण त्याला वाटते की माणसेच तोंडातल्या तोंडात बोलतात. वर्षभरात रिमोटवरचा आकडा चढत गेला असेल, फोनवर ‘काय?’ वाढले असेल किंवा कानात सतत शिट्टी वाजत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे श्रवणचाचणी करून घ्यावी. चाचणीला साधारण अर्धा तास लागतो आणि ती दुखत नाही. कधी कानात फक्त मळ साचलेला निघतो, कधी श्रवणयंत्राची गरज कळते. यंत्र लवकर लागले तर त्याची सवयही लवकर होते.

तोवर रिमोट आजोबांच्या हातून काढून घेऊ नये. पडद्यावर मराठी उपशीर्षके मिळत असतील तर ती लावावीत आणि आजोबांची खुर्ची पुढे सरकवावी. स्पीकरपासूनचे अंतर कमी झाले की शब्द स्पष्ट होतात, आणि त्यासाठी आकडा वाढवावा लागत नाही.