टाच न मारता

घोड्याला टाच मारली की तो धावतो, हे आपल्याला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकापासून ठाऊक. पण जिच्या टाचेतच जीव उरला नाही, तिनं काय करावं?

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्यापुढे १९४४ साली हा प्रश्न उभा राहिला. वय २३, पोटात मूल आणि त्यात पोलिओ. मूल सुखरूप जन्मलं. आईचे पाय गुडघ्यांखाली लुळे राहिले. बाई मुळात पट्टीच्या घोडेस्वार. त्या कुबड्यांवर चालू लागल्या आणि पुन्हा घोड्याकडे वळल्या. चढा-उतरायला माणूस लागे. पण एकदा वर बसल्या की कमरेचा, पाठीचा भार किंचित सरकवायचा आणि 'ज्युबिली' घोडीनं तो इशारा ओळखायचा! १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये 'ड्रेसाज', म्हणजे घोड्याला तालात, डौलात चालवण्याची स्पर्धा, स्त्रियांना प्रथमच खुली झाली. पुरुषांच्या बरोबरीनं उतरून बाईंनी रौप्यपदक मिळवलं.

आज अनेक देशांत घोड्याच्या साथीनं उपचार होतात. घोडा चालताना स्वाराची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते. आपण चालताना हलते जवळपास तशीच. कधीच न चाललेल्या मुलाच्या कमरेला चालणं म्हणजे काय, ते असं कळतं. तोल सावरता सावरता पाठ ताठ होऊ लागते.

बँकेत उमेदीची वर्षं गेल्यानं जमेसोबत नावेची बाजूही पाहायची मला खोड आहे. हार्टेलबाईंचे पाय काही परत आले नाहीत. शिवाय यासाठी जाणकार उपचारतज्ज्ञ लागतो, शिकवलेला शांत घोडा लागतो, दोन्ही बाजूंनी चालणारी माणसं लागतात. चौपाटीवरची फेरी म्हणजे उपचार नव्हे.

आमच्या वर्गात पायाला कॅलिपर लावलेला एक मुलगा होता. आम्ही त्याचं दप्तर उचलायचो आणि खेळात त्याला कायम पंच करायचो. त्यालाही खेळायचं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. एकदा सहल माथेरानला गेली. तिथं मोटारींना बंदी, म्हणून गुरुजींनी त्याला घोड्यावर बसवलं. आम्ही लाल मातीतून धापा टाकत मागे. वळणावर त्यानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि ओरडला, "पाय उचला की रे!"