संघ टिकतो संवादाने

तथागतांच्या भिक्खुसंघात न्हावी उपाली होता, सफाईचे काम करणारा सुनीत होता आणि शाक्यकुलातील अनिरुद्ध व आनंदही होते. आमचा कुलाभिमान गळावा म्हणून उपालीला आमच्याआधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती शाक्यपुत्रांनीच केली होती. पुढे हाच उपाली विनयाचा श्रेष्ठ ज्ञाता ठरला. जन्माने व प्रदेशाने भिन्न असलेली ही माणसे एकत्र राहिली, ती एकत्र बसून निर्णय घेण्याच्या शिस्तीमुळे.

विनयपिटकात ही शिस्त तपशिलाने सांगितली आहे. कोणताही विषय संघापुढे प्रथम रीतसर प्रस्ताव म्हणून मांडला जाई. त्याला 'ञत्ति' म्हणत. महत्त्वाच्या बाबतीत त्यानंतर तीनदा विचारणा होई. ज्याला मान्य असेल त्याने मौन पाळावे, नसेल त्याने बोलावे. वाद मिटला नाही तर शलाका वाटून बहुमत घेतले जाई. शलाका वाटणारा भिक्खू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा, असा दंडक होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी याच परंपरेचा दाखला दिला. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे संसदीय नियम बौद्ध संघांना ठाऊक होते, हे त्यांनी सांगितले. आणि भारताने एकदा गमावलेली ही लोकशाही तो पुन्हा गमावणार का, अशी चिंताही व्यक्त केली.

या शिस्तीची खरी कसोटी कोसंबीला लागली. शौचालयातील भांड्यात उरलेल्या पाण्याच्या क्षुल्लक प्रश्नावरून तेथील भिक्खूंमध्ये दोन तट पडले. स्वतः भगवंतांनी समजावले, तरी कोणी ऐकेना. त्यांनी कोणावरही आज्ञा लादली नाही. ते एकटेच पारिलेय्यक वनाकडे निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी भिक्खूंना वंदन करणे व भिक्षा देणे थांबवले. तेव्हा दोन्ही पक्ष श्रावस्तीला गेले. ज्याच्यावरून वाद पेटला होता, त्या भिक्खूने आपला दोष मान्य केला, संघाने त्याला पुन्हा सामावून घेतले आणि सर्वांनी मिळून उपोसथ केला. शास्त्याचा शब्द जिथे चालला नाही, तिथे सामान्य उपासकांच्या ठाम भूमिकेने संवादाची वाट खुली केली.

परदेशातील आपल्या विहारांना हा इतिहास जवळचा वाटावा. ब्रिटनमधील आंबेडकरी समाजात पंजाबी भाषकांचा मोठा वाटा आहे. आपल्यापैकी कोणी विपश्यनेकडे ओढा असलेले, कोणी बावीस प्रतिज्ञा हाच धम्माचा गाभा मानणारे, तर कोणी इथेच जन्मलेले आणि मराठी जेमतेम समजणारे. वंदनेचा अर्थ कोणत्या भाषेत सांगावा, जयंतीवर किती खर्च करावा आणि मुलांच्या धम्मवर्गावर किती, असे मतभेद अशा समाजात होणारच.

येथे तीनदा विचारण्याचा नियम विशेष मोलाचा आहे. मौन म्हणजे संमती हे तेव्हाच खरे, जेव्हा बोलण्याची संधी प्रत्येकाला मिळालेली असते. ज्येष्ठांच्या धाकाने गप्प बसलेला तरुण, स्वयंपाकघरात अडकलेली भगिनी, चर्चेची भाषाच न कळलेला उपासक यांचे मौन संमती मानता येत नाही. म्हणून अध्यक्षाने ठराव वाचावा, तो सर्वांना समजेल अशा भाषेत सांगावा आणि जे बोललेले नाहीत त्यांना नावाने विचारावे. मतदानाची वेळ आली तर मोजणी अशा व्यक्तीकडे द्यावी, जिच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास आहे. निर्णयानंतर अल्पमतातील बांधवाला पुढच्या कार्यक्रमाचे काम आवर्जून सोपवावे.

तथागतांनी आपला उत्तराधिकारी नेमला नाही. धम्म हाच शास्ता, असे सांगितले. त्यामुळे विहाराचे नेतृत्व करणाऱ्याचे पहिले कर्तव्य ही शिस्त राखणे हे आहे. अशा सभेत वाढलेली आपली मुले लोकशाही पुस्तकाआधी विहारात शिकतील.

नमो बुद्धाय, जय भीम!