शनिवारचा घाणा आणि बाळंतिणीचा दिवा

महाडच्या एमआयडीसीत कारखान्याचा भोंगा वार पाहून वाजत नाही. औषधांना लागणारी रसायनं इथे रात्रंदिवस पाळ्यांमध्ये तयार होतात. एकदा रिअॅक्टर सुरू झाला की त्याला शनिवार काय आणि रविवार काय. याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या असे तेली राहिले, ज्यांचा घाणा शनिवारी फिरतच नसे. गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. हे कोकणातले ज्यू. ते स्वतःला म्हणत बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. पुढे पेणचे पेणकर झाले, दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर. पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू भाषा विसरली. तरी शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढं उरलं. शेमाचं म्हणणं एकच: देव एक आहे.

आता गंमत पाहा. ज्या शनिवारी दिवा पेटवायलाही बंदी, त्याच शनिवारी घरात बाई अडली तर ज्यू धर्मशास्त्र काय सांगतं? सुईणीला दुसऱ्या गावाहून आणा, दिवा लावा, तेल लागलं तर तेल आणा. तालमूद हा धर्मचर्चेचा प्रचंड ग्रंथ. त्यातले पंडित याच्याही पुढे जाऊन विचारतात, बाळंतीण आंधळी असेल तर? तरीही दिवा लावायचा. तिला दिसणार नाही, पण सोबतच्या बाईला दिसतंय, आपल्याला हवं-नको ती पाहील, एवढ्यानं तिच्या जिवाला धीर येतो. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांना रुग्णाची धास्तीही आजारात धरावीशी वाटली, याचं आजही आश्चर्य वाटतं.

या तत्त्वाला हिब्रूत ‘पिकूआख नेफेश’ म्हणतात. जीव वाचवण्यासाठी जवळजवळ प्रत्येक धर्माज्ञा मोडता येते. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा कडक उपास सोडता येतो, निषिद्ध अन्नही औषध म्हणून चालतं. अपवाद तीनच: खून, व्यभिचारासारखे निषिद्ध संबंध आणि मूर्तिपूजा. जीव गेला तरी चालेल, पण एका देवाला नाकारायचं नाही. उपचारांचा प्रश्न देवाच्या स्वरूपाशी येऊन भिडतो तो इथे.

कारण ‘मी तुला बरा करणारा आहे’ असं देवच बायबलच्या निर्गम या पुस्तकात सांगतो. मग वैद्यानं मध्ये का पडावं? यावर एक जुनी कथा आहे. एका आजाऱ्याला दोन रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, औषध सांगत होते. शेजारी उभा असलेला शेतकरी म्हणाला, देवानं दिलेल्या दुखण्यात तुम्ही का ढवळाढवळ करता? रब्बींनी विचारलं, तू कशाला नांगरतोस? जमीनही देवाचीच की! नांगरलं नाही, खत घातलं नाही तर काही पिकत नाही, असं शेतकरी उत्तरला. तसंच शरीराचं, रब्बी म्हणाले. भाताची लावणी करणाऱ्या कोकण्याला हा युक्तिवाद वेगळा समजावून सांगायला नको.

सगळ्यांचंच मत इतकं सरळ नव्हतं. बायबलमधल्या हिज्कीया राजानं औषधांचं पुस्तक लपवून ठेवलं आणि पंडितांनी त्याला शाबासकी दिली, असं तालमूद सांगतं. लोक झटपट बरे होत आणि देवापुढे नम्र होत नसत, असा त्याचा अर्थ काहींनी लावला. इजिप्तमध्ये सलाहुद्दीनच्या दरबाराशी संबंध असलेला वैद्य आणि तत्त्वज्ञ मैमोनिडीस (मृत्यू १२०४) या अर्थावर भडकला. भुकेला माणूस भाकरी खातो, तेव्हा त्याचा देवावरचा विश्वास उडालेला असतो का? भाकरी दिल्याबद्दल जसे देवाचे आभार मानतो तसेच औषधाबद्दल मानावेत. हाच मैमोनिडीस देवाला शरीर नाही, आकार नाही असं बजावत असे; देव कसा आहे ते सांगता येत नाही, कसा नाही एवढंच बोलता येतं, हे त्याचं मत. पुढे सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरूख’ या धर्मसंहितेनं वाद मिटवला: उपचार करणं हे कर्तव्य आहे आणि जो वैद्य ते टाळतो तो रक्त सांडतो.

प्रार्थना अर्थात सुटली नाही. रोजच्या प्रार्थनेत ‘आम्हाला बरं कर’ हे मागणं आहेच, पण शौचाहून आल्यावर म्हणायचीही एक प्रार्थना आहे. शरीरातल्या वाटा मोकळ्या राहिल्या म्हणून देवाचे आभार! बद्धकोष्ठ झालेल्यालाच तिचं मोल कळावं. बेने इस्रायलांनी यात कोकणाची भर घातली. दुखण्यातून उठलं की नवस फेडायचा तो मलिद्यानं: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि फळं. या वेळी स्मरण होतं एलियाहू हनाबी या प्रेषिताचं. त्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे.

श्रद्धा आणि औषध एकाच घरात नांदल्याचा याहून ठळक दाखला म्हणजे याच बेने इस्रायल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या लंडनला गेल्या आणि १९१९ साली तिथून एम. डी. झाल्या. १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाचा कारभार त्यांच्या हाती होता. बाळंतपणात बायका मरतात, ‘देवाची मर्जी’ म्हणून घरचे गप्प बसतात. झिराडबाईंनी मुंबईतल्या या मृत्यूंची कारणं शोधून काढली. त्याचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. याच बाईंनी १९२५ साली मुंबईत ज्यूईश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९८४ साली त्या गेल्या.

त्यांचं आडनाव ज्या गावावरून पडलं ते झिराड अलिबागहून मांडव्याच्या बोटीकडे जाताना लागतं. महाडहून कधी मुंबईला त्या वाटेनं गेलात, तर पाटीकडे लक्ष असू द्या.