भांडवलशाहीला वसाहत लागतेच का? खांडबाऱ्याच्या रेल्वेमार्गावरून समजून घ्या

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ मार्गावर खांडबारा स्टेशन आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे या खासगी कंपनीची गाडी १९०० च्या सुमारास या आदिवासी पट्ट्यातून धावू लागली. पण रूळ पडण्याआधीच इथल्या जमिनीचे आणि जंगलाचे नियम बदलले होते.

काय बदललं?

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. भिल्लांनी प्रतिकार केला. तो मोडून काढताना इंग्रजांनी १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारली. पुढे रयतवारी पद्धतीत जमीन एकेका खातेदाराच्या नावावर लागली आणि सारा रोखीत भरावा लागला. रोकड सावकाराकडे होती. कर्ज थकलं की कोर्टाच्या हुकमाने जमीन जायची. १८७८ च्या वन कायद्याने सरकारला जंगल राखीव करण्याचे मोठे अधिकार दिले. चराई, लाकूडफाटा हे वहिवाटीचे हक्क सरकारच्या मर्जीवर गेले.

याच काळात, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि खानदेशातला कापूस महागला. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिलं.

मग वाद कशाचा?

भांडवलशाही म्हणजे खुल्या बाजारातली देवाणघेवाण, असं एक मत आहे. कार्ल मार्क्सने १८६७ मध्ये म्हटलं की आधी माणसाला जमिनीपासून तोडावं लागतं, तेव्हाच मजूर मिळतो. याला त्याने ‘आदिम संचय’ म्हटलं. रोझा लक्झेंबर्गने १९१३ मध्ये पुढचा मुद्दा मांडला: हे फक्त सुरुवातीला घडत नाही, भांडवलाला बाहेरचा नवा मुलूख सतत लागतो. डेव्हिड हार्वीच्या मते हे हिसकावणं आजही चालू आहे.

खानदेशात बाजार आपोआप आला नाही. त्याच्या आधी पलटण, मोजणी आणि कोर्ट आलं.

आज याचं काय?

१९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी शहादा परिसरात गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत संसदेनेच ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं मान्य केलं. म्हणून वनहक्काचा दावा ही सरकारी मदतीची मागणी नाही. जे घेतलं गेलं, ते परत मिळवण्याचा तो अर्ज आहे.