शिंकांचा खरा गुन्हेगार कोण?

मुलांनो, फेब्रुवारी संपत आला की काय काय होतं, सांगा बरं? आंबा मोहरतो, दुपारचं ऊन चटके देऊ लागतं, माळ्यावरचा माठ खाली येतो. आमच्या वर्गात आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. आऽऽक् छी! एक नाही, दोन नाही, ओळीने सात-आठ!

शिंकणारा होता चौथीतला एक मुलगा. डोळे लाल, नाक गळतंय, रुमाल ओलाचिंब. बाकीची मुलं त्याच्या शिंका मोजायची आणि खिदळायची. मी म्हटलं, "ऊन बाधलंय तुला. मधल्या सुट्टीत बाहेर जाऊ नकोस. त्या खिडकीपाशी बस, वारा लागेल."

बिचाऱ्याने ऐकलं. शिंका मात्र वाढल्या. चौथ्या दिवशी तर त्याला धाप लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. माझी घाबरगुंडीच उडाली! लगेच दवाखान्यात नेलं, औषध मिळालं, हळूहळू त्याचा श्वास ताळ्यावर आला. डॉक्टरांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या खिडकीबाहेर झाड कोणतं आहे?"

झाड वावळाचं होतं.

वावळ तुम्ही पाहिला असेल. त्याच्या कागदासारख्या चपट्या फळांतलं बी आपण सोलून खातो. पण फळं येण्याआधी, अंगावर पानं नसताना, त्याला बारीक हिरवट फुलं येतात. ती कुणाच्या नजरेतही भरत नाहीत. मग फुलपाखरं कशाला येतील? म्हणून हे झाड आपले पराग वाऱ्याच्या हवाली करतं. हे कण इतके बारीक, की एका मिलिमीटरच्या रेघेवर तीसएक सहज बसतील!

असे पराग आपल्या सगळ्यांच्याच नाकात जातात. बहुतेकांना कळतही नाही. पण काहींच्या शरीराला वाटतं, शत्रू आला! मग शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं. नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, शिंका सुटतात. हीच अ‍ॅलर्जी. आजीच्या भाषेत 'वावडं'. सर्दीसारखी ती एकाची दुसऱ्याला लागत नाही बरं का!

उन्हाला दोष देणारी मी काही पहिली नव्हे. १८१९ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी स्वतःच्या अशाच दुखण्याचं वर्णन केलं. दर उन्हाळ्यात ते हैराण व्हायचे. त्यांनीही ठपका ठेवला उष्म्यावर. खरा गुन्हेगार पकडला मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हाच त्रास होता. घरातल्या फुलदाणीत मुलांनी ठेवलेल्या गवताच्या तुऱ्यांना एकदा धक्का लागला, पराग उडाले आणि यांच्या शिंका सुरू! मग त्यांनी उष्णता, उजेड, धूळ अशा एकेका संशयिताची तपासणी केली. चिकट काचा पतंगाला बांधून हजार फुटांहून वर पाठवल्या. तिथेही पराग चिकटले! हे सगळं त्यांनी १८७३ मध्ये पुस्तकात मांडलं.

मग ऊन अगदीच निर्दोष? छे! ते चोर नसलं तरी चोराचा साथीदार आहे. कोरड्या उन्हात फुलांतल्या परागांच्या पिशव्या सुकून उघडतात. तापलेली हवा वर चढताना पराग उचलून नेते. पाऊस नसल्याने हवा धुतली जात नाही. शहरात गाड्यांचा धूर आणि कडक ऊन यांतून जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. त्याने चिडलेला घसा आणखी चिडतो. त्यात पृथ्वी तापत चालल्याने अनेक देशांत परागांचा हंगाम लवकर सुरू होऊन लांबू लागला आहे.

वळीव आला म्हणजे सुटका, असंही नेहमी होत नाही. २१ नोव्हेंबर २०१६ ला ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात पारा ३५ अंशांच्या आसपास होता. संध्याकाळी वादळ आलं. गवताचे पराग ओलाव्याने फुटले, त्यांचे सूक्ष्म तुकडे थेट छातीत गेले. हजारो लोकांना दवाखान्यात जावं लागलं. दहा जण दगावले. म्हणून सांगते, कुणाला धाप लागली तर ती हसण्याची गोष्ट नाही. त्याला ताठ बसवा, डॉक्टरांनी दिलेला पंप असेल तर तो हातात द्या आणि धावत जाऊन मोठ्या माणसांना बोलवा.

ज्यांना वावडं आहे त्यांनी काय करावं? वारा सुटला की खिडकी लावावी. बाहेरून आल्यावर हात-तोंड धुऊन कपडे बदलावेत. कूलर लावण्यापूर्वी त्यातलं जुनं गवत बदलून घ्यावं, कारण त्यात बुरशी धरते. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि हो, पळस-पांगाऱ्यावर उगाच आळ घेऊ नका! त्यांचे पराग पक्षी नेतात, ते वाऱ्यावर फारसे उडत नाहीत.

ब्लॅकलींसारखा प्रयोग तुम्हीही करा. काचपट्टीवर व्हॅसलीन लावून ती दिवसभर खिडकीत ठेवा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून पाहा. शेजारी वहीत लिहा: आज ऊन किती, वारा किती, शिंका किती.

आमच्या त्या मुलाचा बाक मी दुसऱ्या भिंतीशी हलवला. वर्गातली मुलं अजूनही त्याच्या शिंका मोजतात, पण आता वहीत लिहिण्यासाठी. आणि वही त्याच्याच ताब्यात असते!