पुरळ उतरले, तरी मुलाचा श्वास मोजा

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या रफी नगरात दोन दिवसांत तीन मुले दगावली आणि महापालिकेची पथके तिथल्या गल्ल्यांतून घरोघर फिरू लागली. संशय गोवराचा होता. पुढच्या महिन्यात केंद्राचे पथक आले, चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात मुले भरती होऊ लागली, भिवंडी आणि मालेगावातही साथ पोहोचली. ही नावे वाचताना आपल्यापैकी अनेकांना तिथली खाला, फुफू आठवली असेल.

गोवर आपल्या घरांना नवा नाही. ‘सगळ्यांनाच निघतो, अंगावर नीट निघू द्या,’ असे नानी-दादी सांगत आल्या. पुरळ फुलले की मूल सुटले, अशी समजूत. पण गोवराने मूल जाते ते बहुधा पुरळाने नव्हे, त्याच्या मागोमाग येणाऱ्या न्यूमोनियाने किंवा जुलाबाने.

आधी ताप, खोकला, वाहणारे नाक, लाल डोळे. तीन-चार दिवसांनी कानामागून, कपाळावरून पुरळ सुरू होते आणि खाली पायांपर्यंत उतरते. त्यानंतर तीन-चार दिवसांत ताप ओसरायला हवा. ओसरला नाही, किंवा ओसरून पुन्हा चढला, तर काहीतरी बिघडले आहे.

अशा वेळी मूल शांत असताना त्याचा सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, फीट आली, मूल गुंगीत असेल, दूध-पाणी घेत नसेल, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. अब्बा कामावरून येईपर्यंत थांबू, असा हिशोब इथे चालत नाही.

गोवराच्या विषाणूला मारणारे खास औषध नाही. रुग्णालयात ऑक्सिजन, सलाईन आणि जंतुसंसर्ग झाला असेल तर त्यावरची औषधे देतात. शिवाय ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस, सलग दोन दिवस. ते डोळे आणि जीव दोन्ही वाचवतात. दिले का, हे जरूर विचारा. मनाने मात्र देऊ नका, कारण मात्रा वयाप्रमाणे ठरते.

घरी आणल्यावर परहेजच्या नावाखाली मुलाला उपाशी ठेवणे मला तरी जुलूम वाटते. अंगावरचे दूध चालू ठेवा. मोठ्याला मऊ खिचडी, अंडे, डाळ थोडी थोडी, पुन्हा पुन्हा द्या. गोवर शरीराची जुनी प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, म्हणून पुढचे काही महिने साध्या खोकल्याकडेही लक्ष हवे.

लस सरकारी केंद्रात मोफत आहे: पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसरा बऱ्याचदा राहून जातो. गावाहून शहरात आलो, कार्ड तिकडेच राहिले! कार्ड नसले तरी केंद्रावर जा. काही घरांत लशीतल्या जिलेटीनची शंका असते. पुण्यात बनलेल्या लशीबद्दल हाच प्रश्न इंडोनेशियात उठला होता. तिथल्या उलेमा परिषदेने २०१८ मध्ये, डुकरापासूनचा घटक वापरला गेल्याचे मानूनही, दुसरी लस उपलब्ध नाही आणि मुलांच्या जिवाला धोका आहे म्हणून ती घेणे जायज ठरवले.

आणि शेजारी गोवर निघाला असेल, तर बाळाला घेऊन विचारपूस करायला जाऊ नका. पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत तो पसरतो, खोलीच्या हवेत दोन तास टिकतो. आपल्याच मुलाला दवाखान्यात नेले, तर दारातच सांगा, ‘अंगावर पुरळ आहे,’ म्हणजे त्याला इतर मुलांपासून वेगळे बसवतील.