चांदीपुऱ्याची गोळी

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यातली १८३ दगावली. सकाळी अंगणात खेळणारं पोर दुपारी तापानं फणफणायचं, मग उलट्या, झटके, आणि शुद्ध हरपायची. पुष्कळदा दोन दिवसही हाती मिळायचे नाहीत. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले. जपानी मेंदूज्वर? नाही. डेंगी? नाही. वेस्ट नाईल? गोवर? इन्फ्लुएन्झा? तेही नाही.

अशी चाचणी एकच प्रश्न विचारू शकते: ‘तू अमुक का?’ ज्याचं नाव तपासणाऱ्याच्या मनातच आलेलं नाही, त्याची चौकशी ती करणार कशी? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं तसं नाही. तो नाव विचारत नाही, चेहरा बघतो. मुलांच्या नमुन्यांतून मिळालेला विषाणू त्याच्याखाली गेला तेव्हा दिसल्या बंदुकीच्या गोळ्या. उपमा म्हणून म्हणत नाही. एक टोक गोलसर, दुसरं सपाट, मधे सरळ नळी. अशा आकाराच्या विषाणूंचं एक घराणंच आहे, रेबीजचा विषाणूही त्यातलाच. घराणं कळल्यावर बाकीच्या चाचण्यांनी नाव पक्कं केलं: चांदीपुरा.

नाव आपल्याकडचंच. १९६५ मध्ये नागपूरजवळ तापाची साथ चालू होती. डेंगी-चिकुनगुन्याचा माग काढता काढता चांदीपुरा गावच्या दोन रुग्णांच्या रक्तात हा भलताच विषाणू सापडला आणि गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. (गावाला कुणी विचारलं नसणार.) पुढे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पकडलेल्या वाळूमाश्यांमध्येही तो मिळाला, तेव्हा त्याची ने-आण कोण करतं याचा धागा लागला.

वाळूमाशी तुम्ही पाहिली असेल, पण चिलट समजून सोडून दिली असेल. दोन-तीन मिलिमीटरचा वाळूच्या रंगाचा केसाळ जीव. बसते तेव्हा पंख मिटत नाही, इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभारून ठेवते. उडणंही धड जमत नाही, भिंतीवरून भिंतीवर नुसत्या उड्या मारते. डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे चावल्याखेरीज पत्ता लागत नाही, आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून सहज आत येते. तिची अंडी साचलेल्या पाण्यात नसतात. ती असतात गोठ्याच्या ओलसर मातीत, शेणाच्या ढिगाजवळ, मातीच्या भिंतीच्या भेगांत. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की विषाणू असलेल्या मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे काही माश्या वारसा घेऊनच जन्माला येतात.

आता मापाचा हिशेब करू. विषाणूची लांबी साधारण १५० नॅनोमीटर. तो फुगवून तांदळाच्या दाण्याएवढा केला, तर त्याच मापानं वाळूमाशी फुटबॉलच्या मैदानाएवढी लांब होईल. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात हा दाणा दिसणं शक्यच नाही. सुमारे २०० नॅनोमीटरच्या खालचा तपशील साध्या प्रकाशाला पकडता येत नाही, कारण प्रकाशाची लहरच त्याहून लांब असते. इलेक्ट्रॉनांची लहर मात्र हजारो पटींनी आखूड, म्हणून त्यांचा झोत वापरायचा.

तयारी अगदी साधी वाटावी अशी असते. तीन मिलिमीटर व्यासाची तांब्याची जाळीदार चकती, तिच्यावर बारीक पापुद्रा, त्यावर विषाणू असलेला एक थेंब. मग युरेनियमच्या क्षाराचा थेंब, आणि कडेनं टिपकागद लावून जास्तीचं पाणी टिपून घ्यायचं. क्षार विषाणूभोवती साचतो. पावसाची सर गेल्यावर उभी स्कूटर हलवली की खाली तिच्या आकाराचा कोरडा डाग उरतो ना, तसा काळपट क्षारात विषाणू फिकट उमटतो. क्षार खाचाखोचांत शिरतो, म्हणून गोळीच्या अंगावरच्या आडव्या रेघाही दिसतात.

त्या रेघांतच सगळी गंमत आहे. याच घराण्यातल्या, अमेरिकेत गुरांना आणि घोड्यांना आजारी पाडणाऱ्या एका विषाणूची रचना २०१० मध्ये बारकाईनं उलगडली. आत आरएनएचा एकच धागा असतो, त्यावर प्रथिनांचे मणी ओवलेले. हा धागा गोलसर टोकापासून गुंडाळायला सुरुवात होते. पहिला वेढा लहान, दुसरा थोडा मोठा, मग आणखी मोठा, आणि ठरावीक रुंदी आली की पुढचे सगळे वेढे सारखेच. त्या रेघा म्हणजे हेच वेढे. भोवऱ्याला आरेपासून जाळी गुंडाळतात, अगदी तसं. टोक गोल का, याचं उत्तर तेवढंच. चांदीपुऱ्याचा धागा सुमारे ११,००० अक्षरांचा. ताणून सरळ केला तर गोळीच्या जवळपास वीसपट लांब भरेल. त्यात जनुकं फक्त पाच.

एक कबुली द्यायला हवी: वर्तमानपत्रांत छापून येणारे लाल-हिरवे विषाणू रंगवलेले असतात. इलेक्ट्रॉनांना रंग ठाऊक नाही, मूळ चित्र करडंच. मला तेच जास्त आवडतं. रंगवलेला विषाणू सिनेमातल्या खलनायकासारखा दिसतो, करडा मात्र कुणीतरी नीट गुंडाळून ठेवलेल्या सुताच्या रिळासारखा.

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा साथ आली, देशभरात मिळून ६४ रुग्णांमध्ये चांदीपुराच असल्याचं सिद्ध झालं. त्यावर लस नाही, खास औषधही नाही. वेळेवर मिळालेली शुश्रूषा एवढाच आधार. तेव्हा घर गोठ्याला लागून असेल तर पावसाआधी भिंतीच्या भेगा लिंपून घ्या, मुलांना बारीक विणीच्या मच्छरदाणीत झोपवा. आणि तापात मुलाला झटका आला, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.